यलोस्टोन: धोका आहे, पण दाखवला जातो तिथे नाही

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाविषयी मराठीत जे छापून येते आणि मोबाइलवर फिरते, त्यातले बहुतेक सगळे एकाच प्रश्नाभोवती घुटमळते: उद्यानाखालचा महाज्वालामुखी कधी फुटणार, आणि फुटला तर जगाचे काय होणार? अमेरिकेच्या वायोमिंग, मोंटाना आणि आयडाहो या तीन राज्यांत पसरलेल्या या उद्यानाला वर्षाला चाळीस लाखांहून अधिक लोक भेट देतात, आणि भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन तिथे जाणाऱ्या मराठी कुटुंबांची त्यांत आता चांगलीच भर पडली आहे. इतक्या लोकांच्या पायाखाली नेमके काय आहे हे त्यांना कळायला हवे, यात शंका नाही. पण ज्या ज्वालामुखीचा महाउद्रेक आपल्या किंवा आपल्या पतवंडांच्या हयातीत होण्याची शक्यता अत्यल्प आहे, त्याच्या बाबतीत सार्वजनिक प्रश्न उद्रेकाच्या तारखेचा नसतो, असे माझे ठाम मत आहे. दीर्घ शांततेच्या काळात त्याच्यावर नजर ठेवण्याचा खर्च कोण सोसणार, त्या निरीक्षणातून जे कळते ते लोकांना कशा रीतीने सांगितले जाणार, आणि त्याच जमिनीतून उद्भवणाऱ्या लहान पण खऱ्या संकटांपासून तिथे गेलेल्या माणसाला कसे वाचवले जाणार, हे खरे प्रश्न आहेत. महाउद्रेकाच्या चर्चेने हे तिन्ही प्रश्न झाकले जातात.

आधी जमिनीखाली काय आहे ते पाहू. यलोस्टोनला शंकूच्या आकाराचा, शिखरावर तोंड असलेला डोंगर नाही. १८७१ मध्ये फर्डिनांड हेडन यांच्या सर्वेक्षण पथकाने या प्रदेशाची पाहणी केली, तेव्हा इथली जमीन ज्वालामुखीतून घडली आहे हे त्यांना कळले होते. पुढच्याच वर्षी, १ मार्च १८७२ रोजी, राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांच्या सहीने हा भाग राष्ट्रीय उद्यान झाला. परंतु या ज्वालामुखीचे मुख सापडायला आणखी जवळजवळ शंभर वर्षे लागली, कारण ते इतके मोठे आहे की त्याच्या आत उभे राहिलेल्या माणसाला ते दिसतच नाही. रॉबर्ट ख्रिश्चन्सन यांच्यासारख्या भूशास्त्रज्ञांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत खडकांचे थर ओळखून, त्यांची वये ठरवून आणि नकाशे जुळवून दाखवले की उद्यानाच्या मध्यभागी सुमारे ७० किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद असे एक खचलेले कुंड आहे. जमिनीखालचा शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, प्रचंड प्रमाणात बाहेर फेकला गेल्यावर वरचे छत आत कोसळते आणि असे कुंड तयार होते. भूशास्त्रात त्याला कॅल्डेरा म्हणतात. यलोस्टोन सरोवराचा बराच भाग, ओल्ड फेथफुल हा प्रसिद्ध गीझर (जमिनीतून थांबून थांबून उसळणारा गरम पाण्याचा फवारा) आणि पर्यटक ज्या रस्त्यांनी फिरतात त्यांपैकी कित्येक रस्ते या कुंडाच्या आतच आहेत.

असे कुंड घडवणारे तीन उद्रेक इथे झाले. पहिला सुमारे २०.८ लाख वर्षांपूर्वीचा. त्यात अंदाजे २,४५० घन किलोमीटर पदार्थ बाहेर पडला. दुसरा १३ लाख वर्षांपूर्वीचा, सुमारे २८० घन किलोमीटरचा. तिसरा सुमारे ६ लाख ३१ हजार वर्षांपूर्वीचा, हजार घन किलोमीटरचा. तुलनेसाठी सांगायचे तर १८ मे १९८० रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या सेंट हेलेन्स पर्वताच्या ज्या उद्रेकात ५७ माणसे गेली, त्यातून साधारण एक घन किलोमीटर पदार्थ बाहेर आला होता. हजार घन किलोमीटरच्या पुढचा उद्रेक तो महाउद्रेक अशी सर्वमान्य मर्यादा धरली, तर यलोस्टोनच्या तीनपैकी मधला उद्रेक त्या मर्यादेच्या बराच अलीकडे राहतो, ही गोष्ट मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींमध्ये सहसा सांगितली जात नाही. तिसऱ्या उद्रेकानंतर इथे जे घडले ते बहुतांशी संथ लाव्ह्याचे वाहणे होते, आणि अशा प्रवाहांपैकी अखेरचा सुमारे ७० हजार वर्षांपूर्वीचा आहे.

खाली आज काय स्थिती आहे याची माहिती गेल्या दहा-पंधरा वर्षांत झपाट्याने वाढली. भूकंपलहरी तापलेल्या, अर्धवट वितळलेल्या खडकातून जाताना मंदावतात, आणि त्या मंदावण्यावरून खालचा नकाशा काढता येतो. या पद्धतीने २०१५ मध्ये यूटा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की शिलारसाच्या आधीपासून माहीत असलेल्या वरच्या कोठीच्या खाली आणखी एक कितीतरी मोठी कोठी असून तिचे आकारमान सुमारे ४६,००० घन किलोमीटर आहे. बातम्यांनी हा आकडा उचलला, आणि वाचकाच्या मनात उकळत्या लाव्ह्याचे भूमिगत सरोवर उभे राहिले. प्रत्यक्षात त्या खालच्या कोठीत वितळलेला भाग अवघा दोन टक्क्यांच्या आसपास आहे. वरच्या कोठीतला वितळलेला अंश २०२२ च्या अभ्यासाने १६ ते २० टक्के धरला आहे. पाण्याने भिजलेल्या वाळूत दाण्यांच्या फटींत पाणी असावे, तसा हा शिलारस घन स्फटिकांच्या मधल्या जागेत आहे. मोठा उद्रेक होण्याइतके ते मिश्रण प्रवाही व्हायचे, तर वितळलेला अंश याच्या दुपटीच्या आसपास जावा लागेल. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे ३.८ किलोमीटर खोलीवर वायूंनी भरलेला एक थर आढळला, आणि त्यातले वायू भेगांतून सतत निसटत असल्यामुळे दाब साठून राहत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे.

आता ‘मुदत उलटून गेली’, म्हणजे पुढचा महाउद्रेक एव्हाना व्हायलाच हवा होता, या दाव्याकडे वळतो, कारण तो सर्वांत जास्त पसरला आहे आणि तो सहज तपासता येतो. तीन उद्रेकांच्या मध्ये दोनच अंतरे असतात: एक सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांचे, दुसरे सुमारे ६ लाख ७० हजार वर्षांचे. त्यांची सरासरी सव्वासात लाखांच्या घरात जाते, आणि शेवटच्या उद्रेकाला अजून साडेसहा लाख वर्षेही झालेली नाहीत. म्हणजे दावा करणाऱ्यांचेच गणित वापरले तरी जवळजवळ एक लाख वर्षे शिल्लक राहतात. पण मुळात दोन अंतरांवरून वेळापत्रक मांडताच येत नाही. ज्वालामुखी दिनदर्शिकेप्रमाणे चालत नाही, खाली पुरेसा वितळलेला शिलारस आणि पुरेसा दाब एकत्र आला तरच तो फुटतो. यलोस्टोनखाली एक तप्तबिंदू आहे, म्हणजे खोलवरून उष्णता वर येण्याची जागा, आणि वरचा भूभाग सरकत गेल्यामुळे तिच्या जुन्या उद्रेकांची वाट मागे उरली आहे. काही संशोधकांनी या जुन्या वाटेवर, आयडाहोकडच्या भागात, सुमारे ९० लाख वर्षांपूर्वीचे दोन महाउद्रेक ओळखले आहेत. त्या काळाच्या मानाने अलीकडे महाउद्रेकांमधले अंतर बरेच वाढले आहे, म्हणजे या तप्तबिंदूचा जोर ओसरत असावा, असे त्यांनी सुचवले आहे.

अमेरिकेची भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्था महाउद्रेकाची वार्षिक शक्यता ७ लाख ३० हजारांत एक अशी देते. हा आकडाही त्याच दोन अंतरांच्या सरासरीवर उभा आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तो भाकीत नाही, ढोबळ अंदाज आहे. तरीही तो घेऊन एक हिशेब करून पाहावा. ऐंशी वर्षांच्या आयुष्यात ही शक्यता साधारण नऊ हजारांत एक होते. एका माणसाच्या दृष्टीने हे नगण्य आहे. यासाठी कोणी सहल रद्द करणे मला योग्य वाटत नाही. परंतु परिणाम अर्ध्या खंडावर होणार असेल तर राष्ट्राच्या दृष्टीने ते अगदीच नगण्य राहत नाही. ‘काही होणार नाही, विसरून जा’ हे म्हणणे मला ‘उद्या फुटणार’ याइतकेच बेजबाबदार वाटते ते यामुळे. नेब्रास्का राज्यात एका जुन्या पाणवठ्याच्या जागी गेंडे, घोडे आणि उंट यांचे सांगाडे राखेच्या थरात जसेच्या तसे सापडले आहेत. सुमारे १ कोटी २० लाख वर्षांपूर्वी याच तप्तबिंदूच्या एका उद्रेकाची राख हजारांहून अधिक किलोमीटरवरून तिथे येऊन पडली. ते प्राणी लाव्ह्याने भाजले नाहीत. बारीक काचेसारखी राख फुप्फुसांत जाऊन दिवसेंदिवस खंगत मेले. धोक्याची खरी जात अशी असते, आणि ती समजून घ्यायला स्फोटाच्या चित्रांचा उपयोग होत नाही.

भीतीच्या बातम्यांमुळे कोणाचे नुकसान होते, असे विचारले जाते. ३० मार्च २०१४ रोजी उद्यानातल्या नॉरिस या गरम झऱ्यांच्या भागाजवळ ४.८ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि त्याच सुमारास रस्त्यावरून धावणाऱ्या, गव्यासारख्या दिसणाऱ्या बायसनांची एक चित्रफीत जगभर पसरली. प्राणी उद्यान सोडून पळत आहेत, असे तिचे स्पष्टीकरण दिले गेले. उद्यानाच्या अधिकाऱ्यांना खुलासा करावा लागला की हिवाळ्याच्या अखेरीस चाऱ्यासाठी प्राणी खाली उतरतातच. यलोस्टोनमध्ये वर्षाला साधारण १,५०० ते २,५०० भूकंप नोंदले जातात आणि जमीन वरखाली होत राहते. भूशास्त्रज्ञ रॉबर्ट स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात पुन्हा मोजमाप केले, तेव्हा १९२३ च्या खुणांच्या तुलनेत कुंडाचा मध्यभाग पाऊण मीटरच्या आसपास उचलला गेल्याचे आढळले. १९८५ नंतर तो खाली बसू लागला, २००४ पासून काही वर्षे पुन्हा वर आला, नंतर पुन्हा बसला. या सगळ्यातून उद्रेक झाला नाही. प्रत्येक चढ-उतार प्रलयाची खूण म्हणून विकला गेला, तर ज्या दिवशी निरीक्षणात खरोखर वेगळे काही दिसेल त्या दिवशी शास्त्रज्ञांचे म्हणणे ऐकायला लोकांजवळ विश्वास उरलेला नसेल. मला सर्वांत मोठे नुकसान हे वाटते.

कॅलिफोर्नियातल्या लाँग व्हॅलीचे उदाहरण यापेक्षा बोलके आहे. यलोस्टोनसारखेच, पण वयाने थोडे जुने असे एक कुंड तिथे आहे आणि त्याच्या कडेला मॅमथ लेक्स हे बर्फावरच्या खेळांसाठी प्रसिद्ध गाव वसले आहे. मे १९८० मध्ये तिथे एकामागोमाग मोठे भूकंप झाले, जमीन फुगू लागली, आणि मे १९८२ मध्ये भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेने ज्वालामुखीच्या संभाव्य धोक्याची सूचना काढली. सूचना योग्य होती, पण ती गावाला आधी वर्तमानपत्रातून कळली. व्यापारी आणि घरमालक संतापले. पर्यटक येणार नाहीत, घरांना भाव मिळणार नाही, ही त्यांची चिंता खोटी नव्हती. गावातून बाहेर पडायला एकच रस्ता होता म्हणून दुसरा बांधला गेला. तो संकटात सुटकेसाठी होता, पण त्याला नाव दिले गेले ‘सीनिक लूप’, म्हणजे निसर्गशोभेचा रस्ता. मोठा उद्रेक झाला नाही. मात्र १९९० पासून मॅमथ पर्वताच्या पायथ्याशी जमिनीतून झिरपणाऱ्या कार्बन डायऑक्साइडने झाडे वाळू लागली, आणि एप्रिल २००६ मध्ये बर्फाखाली लपलेल्या वायुमुखात पडून तिथल्या सुरक्षा पथकातले तीन कर्मचारी मृत्युमुखी पडले. गावाचे भांडण मोठ्या उद्रेकावरून झाले. माणसे गेली ती लहान धोक्याने.

सूचना देणाऱ्याचे काम किती अवघड असते आणि ते बिघडले तर काय होते, हे कोलंबियाने पाहिले आहे. नेवादो देल रुईझ या ज्वालामुखीच्या धोक्याचा नकाशा ऑक्टोबर १९८५ मध्ये तयार होता, आणि आर्मेरो हे गाव चिखललोटाच्या मार्गात आहे हे त्यावर स्पष्ट होते. १३ नोव्हेंबरच्या रात्री बर्फ वितळून निघालेला चिखल गावापर्यंत पोहोचायला सुमारे अडीच तास लागले. तेवढ्या वेळात चालत जवळच्या उंचवट्यावर जाता आले असते, तरी २३,००० च्या आसपास माणसे गेली. ज्ञान होते, पण ते ज्ञान, ते वापरण्याचा अधिकार असलेले लोक आणि गावकरी यांच्यामधली साखळी तुटलेली होती. सहा वर्षांनी फिलिपिन्समध्ये पिनातुबोच्या वेळी ती साखळी बांधली गेली. तिथल्या ज्वालामुखी संस्थेने आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी काही आठवड्यांत उपकरणे लावली आणि पाच पायऱ्यांची इशारापद्धत ठरवली. ज्वालामुखी-अभ्यासक मॉरिस आणि कातिया क्राफ्त यांनी केलेली, तप्त राखेचा लोट आणि चिखललोट म्हणजे काय हे उघड दाखवणारी एक चित्रफीत अधिकाऱ्यांना आणि गावकऱ्यांना दाखवली गेली. १५ जून १९९१ च्या प्रचंड उद्रेकाआधी हजारो लोक हलवले गेले, आणि निदान पाच हजार जीव वाचले असा अंदाज आहे. स्वतः क्राफ्त दांपत्य त्याआधी बाराच दिवस जपानमधल्या उन्झेन ज्वालामुखीवर मरण पावले होते. चित्रफीत तीही होती. पण ती कोणते संकट कसे येते ते सांगत होती, म्हणून तिने माणसे वाचवली.

यलोस्टोनमध्ये आज असे संकट कोणते? २३ जुलै २०२४ रोजी सकाळी दहाच्या सुमारास बिस्किट बेसिन या भागात ब्लॅक डायमंड पूल नावाच्या गरम पाण्याच्या कुंडाजवळ अचानक स्फोट झाला. वाफ, चिखल आणि दगड उंच उडाले, लाकडी पायवाट मोडली, पर्यटक धावत सुटले. सुदैवाने कोणीही जखमी झाले नाही. यात शिलारसाचा थेट संबंध नव्हता: जमिनीखाली दाबात असलेले अतितप्त पाणी, वाट बंद होऊन दाब बदलला की क्षणात वाफ होते आणि वरचा खडक उडवते. असे लहान स्फोट उद्यानात वर्षा-दोन वर्षांतून कुठे ना कुठे होतात, बहुतेक वेळा माणसांपासून दूर. मोठेही होऊ शकतात. सरोवराच्या उत्तर काठावरचे मेरी बे हे सुमारे १३,८०० वर्षांपूर्वीच्या अशाच स्फोटाचे विवर असून त्याची रुंदी अडीच किलोमीटरच्या आसपास आहे. या स्फोटांची पूर्वसूचना आजच्या साधनांनी जवळजवळ मिळत नाही. २७ सप्टेंबर २०१४ रोजी जपानच्या ओंताके पर्वतावर पानगळीचे रंग पाहायला गेलेल्या गिर्यारोहकांपैकी ६३ जण अशा वाफेच्या उद्रेकात गेले, तेव्हा इशारा सर्वांत खालच्या पातळीवर होता. ९ डिसेंबर २०१९ रोजी न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ४७ माणसे होती, त्यांतली २२ दगावली. तिथे तीन आठवडे आधी पातळी वाढवूनही सहली सुरूच होत्या.

भूकंपाचेही तसेच. १७ ऑगस्ट १९५९ च्या रात्री उद्यानाच्या पश्चिमेला लगतच हेबगेन सरोवरापाशी सुमारे ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला, मॅडिसन नदीच्या दरीत डोंगराचा कडा कोसळला, आणि मुख्यतः त्याखाली सापडून २८ माणसे मेली. ओल्ड फेथफुल इथल्या जुन्या लाकडी विश्रामगृहाची चिमणी पडली आणि शेकडो गरम झऱ्यांचे वागणे रातोरात बदलले. असा भूकंप पुन्हा होण्याची शक्यता महाउद्रेकाच्या कितीतरी पट आहे, आणि आता त्या दऱ्यांत उन्हाळ्याच्या एखाद्या रात्री १९५९ पेक्षा कितीतरी जास्त माणसे झोपलेली असतात. याखेरीज गरम झऱ्यांत पडून आजवर वीसहून अधिक लोकांनी प्राण गमावले आहेत. २०१६ मध्ये नॉरिस इथे पायवाट सोडून गेलेल्या एका तरुणाचे अवशेषही मिळू शकले नाहीत. पायवाट सोडू नका, ही पाटी तिथे जागोजागी आहे. तिच्यामागे जमिनीचा वरचा कवचासारखा थर किती पातळ असतो हे जाणणाऱ्यांचा अनुभव आहे, आणि लाव्ह्याच्या भीतीने भारलेल्या पर्यटकाचे नेमके त्याच पाटीकडे दुर्लक्ष होते.

मग एवढ्या दुर्मीळ उद्रेकासाठी निरीक्षणावर पैसा का घालावा, असा आक्षेप घेतला जातो; तो गंभीर आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. पहिली गोष्ट अशी की महाउद्रेकासाठी वेगळी उपकरणे नसतात. जो भूकंपमापक शिलारसाची हालचाल टिपेल तोच हेबगेनसारख्या भूकंपाचे केंद्र काही मिनिटांत सांगेल. जमिनीची उंची मोजणारी जी जीपीएस केंद्रे आहेत तीच प्रस्तरभंगावरचा, म्हणजे जमिनीखालच्या खडकांतल्या भेगेवरचा, ताण दाखवतात. नॉरिस परिसरात बसवलेली, ऐकू न येणारे ध्वनी टिपणारी यंत्रणा लहानसहान वाफेचे स्फोट शोधते. दुसरी गोष्ट, सामान्य स्थिती कशी असते याची दशकानुदशकांची नोंद नसेल तर असामान्य काय ते ओळखताच येत नाही, आणि ही नोंद संकट आल्यावर विकत घेता येत नाही. यलोस्टोन ज्वालामुखी वेधशाळा २००१ मध्ये भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्था, उद्यान सेवा आणि यूटा विद्यापीठ यांनी मिळून स्थापन केली. आज तीत आणखी संस्था सामील आहेत. ती दर महिन्याला भूकंपांची संख्या आणि जमिनीची हालचाल जाहीर करते, ‘नेहमीसारखेच आहे’ असे लिहायचे असले तरी.

तिसरी गोष्ट क्रमवारीची. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या १६१ ज्वालामुखींची धोक्यानुसार क्रमवारी लावली गेली, तेव्हा हवाईचा किलाउएआ पहिला, सेंट हेलेन्स दुसरा आणि सिअ‍ॅटल-टकोमाच्या वरचा रेनियर तिसरा आला. यलोस्टोन एकविसावा होता. पैसा कमी असेल तर रेनियरच्या पायथ्याच्या चिखललोट-इशारा यंत्रणेला आधी मिळावा, हे मला मान्य आहे. पण १२ मार्च २०१९ रोजी सही झालेल्या कायद्याने राष्ट्रीय ज्वालामुखी पूर्वसूचना यंत्रणेसाठी पाच वर्षांत साडेपाच कोटी डॉलर खर्चण्यास मुभा दिली, म्हणजे साऱ्या देशासाठी वर्षाला एक कोटी दहा लाख. एवढ्या रकमेत यलोस्टोन विरुद्ध रेनियर असे भांडण लावणे मला पटत नाही. कायद्यात रक्कम लिहिणे आणि दरवर्षी अंदाजपत्रकात ती मिळणे या शिवाय वेगळ्या गोष्टी आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेतले सुमारे हजार परिविक्षाधीन, म्हणजे नोकरीत अजून कायम न झालेले, कर्मचारी एकाएकी काढण्यात आले. न्यायालयीन आदेशांनंतर त्यांतल्या अनेकांना परत बोलावले गेले, पण हंगामाच्या तोंडावर झालेला गोंधळ व्हायचा तो झाला. बिस्किट बेसिनसारख्या ठिकाणी स्फोट झाला की पहिल्या दहा मिनिटांत पर्यटकांना बाहेर काढणारा माणूस वनरक्षकच असतो. १३ जून २०२२ च्या पुरात उत्तरेकडचा रस्ता वाहून गेला, तेव्हा दहा हजारांहून अधिक लोकांना सुखरूप बाहेर काढले गेले तेही याच माणसांमुळे. महाउद्रेकाच्या चित्रफिती लाखो लोक पाहतात. त्यांपैकी फारच थोड्यांना या नोकरकपातीची बातमी ठाऊक असेल, आणि हे पाहून मला मनापासून वाईट वाटते.

एक आकर्षक सूचनाही मधूनमधून डोके वर काढते. नासाच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेतले ब्रायन विलकॉक्स यांनी २०१७ मध्ये मांडले की उद्यानाच्या बाहेरून सुमारे दहा किलोमीटर खोल भोके पाडून दाबाने पाणी खेळवावे, उष्णता काढून घ्यावी, तिच्यावर वीज बनवावी आणि ज्वालामुखी थंड करावा. खर्च अंदाजे साडेतीन अब्ज डॉलर. कल्पना करणाऱ्याच्या हेतूबद्दल मला आदर आहे, पण शिलारसाची कोठी या रीतीने थंड व्हायला हजारो वर्षे लागतील हे त्यांनाही मान्य होते. तेवढ्या काळात काय गमावले जाईल ते मात्र लगेच दिसेल. न्यूझीलंडच्या वैराकेई इथे १९५८ मध्ये भूऔष्णिक वीजकेंद्र सुरू झाल्यावर तिथल्या दरीतले गीझर मेले. नेवाडातल्या बिओवावेचीही तीच गत झाली. जगातले निम्मे गीझर यलोस्टोनमध्ये आहेत. १९६६ मध्ये थॉमस ब्रॉक यांना तिथल्या एका झऱ्यात सापडलेल्या उष्णताप्रिय जिवाणूच्या विकरावर (एन्झाइमवर) पुढे डीएनएच्या प्रती काढण्याची पद्धत उभी राहिली, आणि करोनाच्या साथीतल्या आरटी-पीसीआर चाचण्या त्या पद्धतीच्याच होत्या. या झऱ्यांना भूऔष्णिक उत्खननापासून कायद्याचे संरक्षण आहे, आणि ते तसेच राहायला हवे.

भीतीची कथा या जमिनीवर नवी नाही. उद्यानाच्या सुरुवातीच्या दशकांत अधिकाऱ्यांनीच असे पसरवले की मूळचे रहिवासी गीझरांना घाबरून इथे फिरकत नाहीत. पर्यटकांना प्रदेश रिकामा आणि सुरक्षित भासावा, हा त्यामागचा हेतू होता. वस्तुतः ऑब्सिडियन क्लिफ इथली ज्वालाकाच माणसे अकरा हजारांहून अधिक वर्षे हत्यारांसाठी नेत होती, आणि टुकुडिका लोक याच डोंगरांत राहत होते. ज्यांचा या जमिनीशी एवढा जुना संबंध आहे, त्यांना बाजूला सारण्यासाठी जमिनीची भीती वापरली गेली.

महाउद्रेकाशी महाराष्ट्राचा खरा संबंध पाहायचा तर तो यलोस्टोनशी नाही, सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीशी आहे. पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या बोरी इथे, कुकडी नदीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या सान्निध्यात अश्मयुगीन हत्यारे मिळाली आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी त्याचा अभ्यास केला. ही राख टोबाच्या ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याहून कितीतरी जुन्या एखाद्या उद्रेकाची, यावर दीर्घ वाद झाला आहे. आंध्र प्रदेशातल्या ज्वालापुरम इथे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या राखेच्या खाली आणि वर मिळालेली हत्यारे एकमेकांशी मिळतीजुळती आहेत, म्हणजे तिथली माणसे त्या उद्रेकातून तगली असावीत, असे २००७ च्या संशोधनाचे म्हणणे आहे. तरी आज आपल्यापुढचा जागतिक धोका टोबाएवढ्या उद्रेकाचा नाही. १८१५ मधल्या, इंडोनेशियातल्या तांबोराएवढ्या उद्रेकाची काळजी जास्त रास्त आहे. त्यानंतरचे वर्ष युरोप-अमेरिकेत उन्हाळ्याविना गेले आणि पिके बुडाली. या आकाराचा उद्रेक या शतकात होण्याची शक्यता सहांत एक असावी, असे बर्फाच्या थरांतल्या गंधकाच्या नोंदींवरून काही अभ्यासकांनी मांडले आहे. पिनातुबोसारख्या त्याहून बऱ्याच लहान उद्रेकानेही पृथ्वीचे सरासरी तापमान वर्षभर अर्ध्या अंशाच्या आसपास खाली आले होते. अशा वर्षी मोसमी पाऊस कमी झाला तर धान्याचा साठा किती पुरेल, हा प्रश्न आपल्या वर्तमानपत्रांनी विचारावा असा आहे, आणि त्याचे उत्तर कृषी खात्याकडे मागता येते.

यलोस्टोनपुरते माझे मागणे मर्यादित आहे. गरम झऱ्यांच्या ज्या भागांत पायवाटांवर गर्दी असते तिथे वाफेच्या स्फोटांसाठी निरीक्षणाची यंत्रणा बसवली जावी, आणि ती कशासाठी आहे व ती काय सांगू शकत नाही हे त्याच ठिकाणी पर्यटकाला वाचायला मिळावे. एखादा भाग बंद करण्याचा निर्णय उद्यानाच्या प्रमुखाने शास्त्रज्ञांच्या सल्ल्याने घ्यावा, आणि त्या निर्णयामुळे उद्यानाच्या वेशीवरच्या गार्डिनर किंवा वेस्ट यलोस्टोन या गावांतल्या दुकानदाराचे व हॉटेलवाल्याचे उत्पन्न बुडाले तर त्याला सरकारी मदत मिळण्याची तरतूद आधीच असावी. मॅमथ लेक्समधला संताप निर्माण झाला तो नुकसानीचा सगळा भार गावावर आणि इशारा देणाऱ्याचे काम दुसऱ्यावर, अशी वाटणी होती म्हणून. नुकसानभरपाईचा नियम आधी ठरलेला असेल, तर पुढच्या वेळी पायवाट बंद करणाऱ्या अधिकाऱ्याला गावातल्या सभेत फक्त एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल: उपकरणांत काय दिसले?